गटातल्या ओव्या छापायच्या आहेत? आधी असं विचारा

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सहा वर्षं जात्यावरच्या ओव्या जमतायत. कुणी आजीच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवतं, कुणी आईला गायला लावून ऑडिओ टाकतं. त्यातल्या निवडक ओव्यांची पहिली पुस्तिका मी कुणालाही न विचारता छापली. वर फक्त ‘गटाचं संकलन’ असं लिहिलं. एका ताईंचा फोन आला. ‘पैसे नकोत हो, पण माझ्या आईचं नाव तरी घालायचं होतंत.’ ते मला फार लागलं. दुसऱ्या पुस्तिकेपासून मी पद्धत बदलली.

आधी कुठलं काय कुणाचं, ते वेगळं करा. पिढ्यानपिढ्या चालत आलेली ओवी कुणा एकाच्या मालकीची नसते. पण तिच्यासोबत सदस्याने लिहिलेली आठवण, उलगडलेला अर्थ किंवा स्वतः रचलेली नवी ओवी ही त्या लिहिणाऱ्याचीच. ऑडिओत रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि गाणारीचा वेगळा. गाणारीचा हक्क ५० वर्षं टिकतो. लेखनावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे आजीने स्वतः रचलेली ओवी असेल आणि आजी आता नसेल, तर तिच्या वारसांना विचारायचं. नोंदणी नसली तरी हक्क असतोच. गटात टाकलं म्हणून मजकूर सगळ्यांचा होत नाही, अ‍ॅडमिनचा तर नाहीच.

परवानगी लेखीच घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यालाही ती लेखी लागते. ‘कुणाची हरकत असेल तर सांगा’ असं गटात टाकून शांततेला होकार समजू नका. अर्ध्या जणांनी तो मेसेज उघडलेलाही नसतो. मी एकेकीला स्वतंत्र लिहिते:

‘तुम्ही गटात पाठवलेला मजकूर सोबत जोडला आहे. छापील पुस्तिकेच्या ५०० प्रतींपुरता तो घ्यायचा आहे. हक्क तुमचाच राहील. काही बदललं तर छापण्याआधी दाखवेन. चालेल का? तुमचं आणि गाणाऱ्या ताईंचं नाव, गाव कसं छापू?’

यातला ‘पुरता’ हा शब्द गाळू नका. पुस्तिकेला दिलेला होकार यूट्यूबला चालत नाही, त्यासाठी पुन्हा विचारायचं. विकिमीडिया कॉमन्स या सगळ्यांना खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहावर ऑडिओ चढवायचा असेल तर अजून स्पष्ट बोला: तिथल्या परवान्याने तो कुणीही, अगदी व्यापारासाठीही वापरू शकतं, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे समजल्यावर आमच्यातल्या काहींनी नको म्हटलं. त्यांचा ऑडिओ गटातच राहिला.

नावाच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. कायद्याच्या कलम ५७प्रमाणे लेखनाचे हक्क दुसऱ्याला विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. पारंपरिक ओवीला लेखक नसला तरी ती जपणारी बाई असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी उभारलेला ओव्यांचा मोठा संग्रह आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर आहे, तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव-गाव वाचायला मिळतं. मी तोच नमुना धरला.

आलेली उत्तरं तारखेसह एका वहीत उतरवा आणि स्क्रीनशॉट फोनबाहेरही ठेवा. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर तो मजकूर बाजूला ठेवा.