प्रायमरीत एका उमेदवाराच्या बाजूने उतरण्यापूर्वीची तयारी

महाराष्ट्रात उमेदवारी कोणाला द्यायची हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि एबी फॉर्म कोणाच्या हाती पडला, एवढेच मतदाराला शेवटी कळते. अमेरिकेत हा निर्णय बऱ्याच अंशी सामान्य मतदार प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या मतदानात, घेतो. त्यामुळे तिथले नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसावर एकाच पक्षातल्या दोघांपैकी एकाची उघड बाजू घेण्याचा प्रसंग येतो. २००८ मध्ये बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत जानेवारीपासून जूनपर्यंत चालली आणि कित्येक घरांत दोन तट पडले. २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अशा लढतीत उतरायचे असेल, तर आधी काय काय करून ठेवावे, ते इथे लिहीत आहे. उदाहरणे डेमोक्रॅटिक पक्षातली आहेत. रिपब्लिकन पक्षात काही राज्यांत जिंकणाऱ्यालाच सगळे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळतात, त्यामुळे डेलिगेटांविषयीचा भाग त्या पक्षाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

सर्वांत आधी स्वतःची मतदार नोंदणी तपासावी, आणि केवळ नाव यादीत आहे की नाही एवढे न पाहता, नावापुढे कोणत्या पक्षाची नोंद आहे तेही पाहावे. न्यूयॉर्कमध्ये पक्षाचे नोंदणीकृत मतदार सोडून इतरांना प्रायमरीत मत देता येत नाही. २०१६ मध्ये तिथली प्रायमरी १९ एप्रिलला होती, पण आधीच नोंदणी असलेल्यांसाठी पक्ष बदलण्याची मुदत आदल्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरलाच संपली होती. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतल्या बर्नी सँडर्स यांच्याकडे ओढले गेलेले अनेक अपक्ष मतदार त्यामुळे बाहेर राहिले, आणि दुसऱ्या पक्षात डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन मुलांनाही वडिलांना मत देता आले नाही. नंतर कायदा बदलला आणि आता ही मुदत १४ फेब्रुवारी आहे. न्यूजर्सीत पक्ष बदलणाऱ्याला प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, मात्र कोणत्याच पक्षात नोंद नसलेला मतदार त्याच दिवशी केंद्रावर पक्ष निवडू शकतो. न्यूजर्सीतल्या एडिसनमधल्या मित्राचे ऐकून न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्याने निश्चिंत राहू नये, ते यासाठी. घरात सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्यांना आपल्या राज्यात प्रायमरीत मत देता येते का, हेही विचारून ठेवावे. अनेक राज्यांत ते देता येते आणि बहुतेक पालकांना याची कल्पना नसते.

घरातले सर्वजण नागरिक नसतील, तर कोणी काय करायचे हे आधीच ठरवून घ्यावे. ग्रीन कार्डधारकाला देणगी देता येते, पण मत देता येत नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला दोन्ही करता येत नाही, परंतु मोबदला न घेता फोन करणे, दारोदार जाणे अशी कामे करता येतात. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवले गेले, तर पुढे देशाबाहेर जावे लागण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, म्हणून लायसन्सच्या कचेरीत मतदार नोंदणीच्या अर्जासह पुढे येणारा प्रत्येक कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

यानंतरचे काम कंटाळवाणे वाटते, पण माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे डेलिगेटांचा हिशेब समजून घेणे. डेमोक्रॅटिक पक्षात राज्यात किंवा काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघात किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या उमेदवारांमध्ये डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात. समजा, दोघांच्या लढतीत एका मतदारसंघाला चार डेलिगेट आहेत. तिथे ६० विरुद्ध ४० असा घसघशीत विजय मिळाला तरी वाटणी दोन-दोनच होते, आणि तिसरा डेलिगेट मिळवायला ६२.५ टक्क्यांच्या पुढे जावे लागते. पाच डेलिगेटांच्या शेजारच्या मतदारसंघात मात्र निम्म्यापेक्षा थोडी जास्त मते मिळाली की तीन-दोन होते. म्हणजे कार्यकर्त्याचा शनिवार कुठे खर्च करायचा, हे उमेदवाराच्या लोकप्रियतेइतकेच या सम-विषम आकड्यांवर ठरते. ५ फेब्रुवारी २००८ रोजी क्लिंटन यांनी न्यूजर्सीसारखे मोठे राज्य जिंकले आणि त्यातून त्यांना ११ डेलिगेटांची आघाडी मिळाली. त्याच दिवशी आयडाहोसारख्या लहान राज्याच्या कॉकसमध्ये (पक्षाच्या स्थानिक सभांत होणाऱ्या निवडीत) ओबामांनी १५ विरुद्ध ३ अशी बाजी मारून १२ ची आघाडी घेतली. वृत्तवाहिन्यांनी मोठ्या राज्यांचे निकाल रंगवून सांगितले, तर ओबामांच्या प्रचारयंत्रणेने लहान राज्यांत आधीपासून माणसे नेमली होती. टेक्सासमध्ये तर त्याच वर्षी क्लिंटन यांनी प्रायमरी जिंकली आणि कॉकस धरून एकूण डेलिगेट मात्र ओबामांना जास्त मिळाले. तेव्हा आपल्या मतदारसंघाला किती डेलिगेट आहेत हे राज्य पक्षाच्या डेलिगेट निवडीच्या योजनेत पाहून लिहून ठेवावे. नियमही बदलत राहतात, म्हणून जुन्या निवडणुकीच्या आठवणीवर विसंबू नये. २०१८ मध्ये झालेल्या बदलानंतर चुरशीच्या लढतीत सुपरडेलिगेटांना (पदामुळे डेलिगेट होणाऱ्या पक्षनेत्यांना) अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत मत देता येत नाही, तरीही त्यांच्या नावाने धास्ती घेणारे लोक अजून भेटतात.

मग आपल्या पाठिंब्याचे कारण कागदावर लिहावे, आणि ते प्रतिस्पर्ध्याचे नावही न घेता लिहिता येते का, हे पाहावे. एकाच पक्षातले उमेदवार बहुतेक प्रश्नांवर जवळजवळ एकच बोलतात, त्यामुळे खरा फरक एक-दोन मुद्द्यांवरच सापडतो आणि बाकीची जागा स्वभाव, वय, जात-वंश, घराणे यांवरच्या शेऱ्यांनी भरली जाते. २००८ मध्ये ठोस फरक होता तो इराक युद्धाचा. क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या अधिकाराच्या बाजूने मत दिले होते आणि त्याच महिन्यात ओबामांनी शिकागोत जाहीर विरोध केला होता. दुसरा फरक आरोग्यविम्याचा होता. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे असे क्लिंटन म्हणत होत्या, तर ओबामा ही सक्ती फक्त मुलांपुरती ठेवायला तयार होते आणि त्यावरून दोन्ही बाजूंनी कडवट पत्रके निघाली. पुढे २०१० मध्ये ओबामांनी सही केलेल्या कायद्यात ती सक्ती आली. प्रचारात ज्या मुद्द्यावर मित्राशी अबोला धरायचा, तोच मुद्दा जिंकल्यावर आपला उमेदवार उचलू शकतो, हे लक्षात ठेवून शब्दांची धार ठरवावी.

हातातून पुढे जाणाऱ्या प्रत्येक मजकुराची जबाबदारीही आधीच ठरवून घ्यावी. जून २००७ मध्ये ओबामांच्या प्रचारयंत्रणेकडून पत्रकारांना दिलेल्या एका टिपणात क्लिंटन यांचा उल्लेख पंजाबच्या प्रतिनिधी असा उपहासाने केला होता आणि भारतीयांशी असलेल्या त्यांच्या आर्थिक संबंधांकडे बोट दाखवले होते. ते उघड झाल्यावर भारतीय वंशाचे ओबामा समर्थकच दुखावले गेले आणि स्वतः ओबामांना ती चूक होती असे जाहीरपणे म्हणावे लागले. आपल्याच गटातून आलेला मजकूर आपल्याच माणसांना लागेल का, हे पुढे पाठवण्यापूर्वी पाहावे, आणि व्हॉट्सॲपवर रात्री आलेले सकाळी वाचावे.

महाराष्ट्र मंडळाची ईमेल यादी आणि गणेशोत्सवाचे व्यासपीठ या दोन्हींपासून प्रचार दूर ठेवावा. अशी मंडळे बहुधा करसवलतीच्या धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात आणि अशा संस्थेने उमेदवाराचा प्रचार करण्यास कायद्याने मनाई आहे. मतदार नोंदणीचा पक्षनिरपेक्ष टेबल मंडळाला लावता येतो. पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने, संस्थेचे पद न वापरता, घरी सभा घेतली तर हरकत नाही, पण आमंत्रणात पद लिहू नये. काकांना अध्यक्ष म्हणून मिरवायचे असते हे खरे, तरी त्यांना हे आधीच समजावून ठेवावे.

देणगीबाबत फार सांगण्यासारखे नाही. अध्यक्षीय निवडणुकीसाठी एका उमेदवाराला दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्या कंपनीचे नाव सार्वजनिक नोंदीत येते. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी पैशांऐवजी वेळ द्यावा.

दारोदार जाण्यासाठी दोघांची जोडी ठरवावी, पाण्याची बाटली आणि आरामदायक बूट घ्यावेत, पत्रके दाराशी ठेवावीत, टपालपेटीत टाकू नयेत, कारण टपाल न भरता पेटीत काही टाकणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. मतदार प्रतिस्पर्ध्याचा समर्थक निघाला तर वाद न घालता नोंद करून पुढे जावे. प्रायमरीत तो वेळ वाया जातो, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच दाराशी मत मागायला पुन्हा यायचे असते. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीत मतदान केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, म्हणून उमेदवाराच्या नावाचा टी-शर्ट त्या दिवशी घरीच ठेवावा.

टपाली मत केव्हा पाठवायचे याचाही विचार हवा. दोघेच रिंगणात उरले असतील तर ते लगेच पाठवावे. उमेदवार अनेक असतील तर थोडे थांबावे, कारण २०२० मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतून पीट बुटिजेज १ मार्चला आणि एमी क्लोबुचार २ मार्चला बाहेर पडले, ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान झाले, आणि त्यांच्यासाठी आधीच पाठवलेली मते परत घेण्याची सोय अनेकांना नव्हती.

शेवटची तयारी हरण्याची. ७ जून २००८ रोजी क्लिंटन यांनी वॉशिंग्टनमध्ये ओबामांना पाठिंबा जाहीर केला, २७ जूनला दोघे न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी या गावी एकत्र आले, जिथे प्रायमरीत दोघांनाही १०७ मते पडली होती, आणि ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांची निवड आवाजी मताने करावी असा प्रस्ताव क्लिंटन यांनीच मांडला. त्यांचे काही समर्थक तरीही अखेरपर्यंत दुरावलेले राहिले. सगळे हरलेले असे वागत नाहीत, आणि महाराष्ट्राला बंडखोरी नवी नाही. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत झोहरान ममदानी यांच्याकडून हरलेले अँड्र्यू कुओमो नोव्हेंबरमध्ये अपक्ष म्हणून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. आपला उमेदवार हरून असे काही करू लागला तर आपण त्याच्यामागे जाणार का, याचे उत्तर प्रायमरीपूर्वीच घरच्यांशी बोलून ठरवावे, कारण निकालाच्या रात्री ते शांतपणे ठरत नाही. निकालानंतर अंगणातली पाटी नगरपालिकेने दिलेल्या मुदतीत काढावी, प्रचारयंत्रणेने दिलेल्या मतदारांच्या याद्या फोनमधून पुसून टाकाव्यात आणि आपल्यासोबत फिरलेल्यांपैकी ज्यांची हरकत नसेल त्यांची नावे पक्षाच्या काउंटी समितीकडे नोव्हेंबरच्या कामासाठी द्यावीत.