नवा सुपरहिरो सिनेमा चालेल का आणि चांगला असेल का: अंदाज कसा बांधावा

सांगली-मिरजेत चहाच्या टपरीवर नव्या सुपरहिरो सिनेमावर पैज लागते, तेव्हा एक घोळ हमखास होतो. सिनेमा किती कमावेल आणि सिनेमा चांगला असेल का, हे दोन वेगळे प्रश्न एकाच उत्तरात कोंबले जातात. २०१८ चा ‘व्हेनम’ समीक्षकांनी धुऊन काढला, परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर तो तीस टक्क्यांच्या आसपास राहिला, तरी जगभरात त्याने ८५ कोटी डॉलर गोळा केले. २०२५ चा ‘थंडरबोल्ट्स’ त्याच ठिकाणी ८८ टक्क्यांवर होता आणि कमाई थांबली ३८ कोटी डॉलरवर. म्हणून वहीचं एक पान घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे गल्ला, उजवीकडे दर्जा. एका बाजूची माहिती दुसऱ्या बाजूला फक्त एकाच ठिकाणी ओलांडू द्यायची आहे, ते पुढे येईल.

पायरी १: तुलनेसाठी तीन सिनेमे निवडा

येणाऱ्या प्रत्येक सिनेमासमोर तीन जुने सिनेमे लिहा: त्याच नायकाचा मागचा, गेल्या तीन वर्षांतला त्याच कंपनीचा, आणि साधारण त्याच मोसमात लागलेला. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ या यादीत घेऊ नका. २०१९ मध्ये त्याने २७९ कोटी डॉलर कमावले, त्यातले ६२ कोटींहून अधिक एकट्या चीनमधले होते. त्यानंतर २०१९ च्या उन्हाळ्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत ‘एंडगेम’ काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचा एकही सिनेमा चीनच्या थिएटरात लागला नाही, आणि पुन्हा लागू लागले तेव्हा तिथला प्रेक्षक पूर्वीसारखा उरला नव्हता. जुना आकडा धरून केलेला अंदाज इथेच फुगतो.

भारतीय सुपरहिरोपटांची तुलना भारतीयांशीच करा. मल्याळम ‘लोका’ २०२५ मध्ये साधारण ३० कोटी रुपयांत तयार झाला आणि जगभरात ३०० कोटींच्या घरात गेला. तेलुगू ‘हनुमान’ २०२४ च्या संक्रांतीला असाच छोट्या खर्चात आला आणि चालला. या दोघांना हॉलिवूडच्या मापाने मोजण्यात काही हशील नाही.

पायरी २: खर्च वसूल कधी होतो ते काढा

जाहीर झालेल्या निर्मितीखर्चाला अडीचने गुणा. अडीच का? अमेरिकेत तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा भाग स्टुडिओच्या हाती येतो, इतर देशांत चाळीस टक्क्यांच्या आसपास, चीनमध्ये पंचवीस. त्यात जाहिरातीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. २०२५ चा ‘सुपरमॅन’ साडेबावीस कोटी डॉलरचा. अडीचपट म्हणजे ५६ कोटी. त्याची जगभरची कमाई ६१ कोटींच्या पुढे गेली, म्हणजे थिएटरातच पार, पण फार वर नाही. ‘थंडरबोल्ट्स’चा खर्च १८ कोटींचा सांगितला गेला, हवे होते ४५, आले ३८.

हा ढोबळ हिशेब आहे. ओटीटी, खेळणी, टीव्हीचे हक्क यांचे पैसे यात नाहीत. त्यामुळे ‘तोट्यात गेला’ असं ठासून लिहू नका, ‘थिएटरात वसूल नाही’ एवढंच लिहा.

पायरी ३: पहिल्या तीन दिवसांची मर्यादा पाहा

पहिल्या वीकेंडचा आकडा सिनेमा चांगला आहे की वाईट यावर फारसा ठरत नाही. तो ठरतो उत्सुकतेवर आणि पडद्यांवर. उत्सुकता मोजायला ट्रेलरचे व्ह्यूज घेऊ नका, ते जाहिरातीचे पैसे देऊन वाढवता येतात. त्याऐवजी आगाऊ तिकीटविक्री पाहा.

पडद्यांचं गणित जास्त पक्कं असतं, म्हणून त्यावर वेळ घालवा. तीन गोष्टी तपासा.

एक, लांबी. ‘एंडगेम’ तीन तास एक मिनिटाचा होता, त्यामुळे एका पडद्यावर दिवसाला खेळ कमी बसत होते. भारतात काही थिएटरांनी रात्रभर खेळ लावून ती भरपाई केली. तेवढी मागणी नसेल तर लांबी थेट गल्ल्यातून कापली जाते.

दोन, टक्कर. ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ आधी १ मे २०२६ ला जाहीर झाला होता, मग तो १८ डिसेंबर २०२६ वर गेला. त्याच दिवशी ‘ड्यून: पार्ट थ्री’ जाहीर आहे, आणि आयमॅक्सचे, म्हणजे खास मोठ्या आकाराचे, पडदे ‘ड्यून’ने आधीच राखून ठेवले आहेत. आयमॅक्सचं तिकीट महाग, त्यामुळे तिथे गेलेला पडदा साध्या पडद्यापेक्षा जास्त दुखतो. सांगलीत बसून मात्र याचा फटका जाणवणार नाही, कारण आयमॅक्ससाठी इथून पुण्याची वाट धरावी लागते.

तीन, मोसम. डिसेंबरची तारीख अमेरिकेत नाताळच्या सुट्टीमुळे लांब चालते, पहिला वीकेंड मध्यम असला तरी पुढचे दोन आठवडे भरतात. ‘स्पायडर-मॅन: ब्रँड न्यू डे’ ३१ जुलै २०२६ ला जाहीर आहे. सांगलीपुरतं बोलायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळीही बघावी लागते. इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तशा आठवड्यातल्या स्थानिक आकड्यावरून सिनेमाबद्दल काहीही ठरवू नये.

पायरी ४: गुणक काढा, खरा निकाल इथे लागतो

एकूण कमाईला पहिल्या तीन दिवसांच्या कमाईने भागलं की गुणक मिळतो. २०२३ मधले मार्व्हलचेच दोन सिनेमे घ्या. ‘अँट-मॅन: क्वांटमेनिया’ अमेरिकेत साधारण १०.६ कोटी डॉलरने उघडला, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी ३’ ११.८ कोटींनी. पहिल्या रविवारी रात्री दोघे जवळपास एकाच रांगेत. शेवटी मात्र ‘क्वांटमेनिया’ २१.४ कोटींवर थांबला आणि ‘गार्डियन्स’ ३५.९ वर. गुणक अनुक्रमे २ आणि ३. ‘क्वांटमेनिया’ची दुसऱ्या वीकेंडची घसरण ७० टक्क्यांच्या आसपास होती, ‘गार्डियन्स’ची पन्नासच्याही आत. प्रेक्षकांनी बाहेर पडताना दिलेली श्रेणी एकाला बी, दुसऱ्याला ए.

दर्जाची माहिती गल्ल्याच्या रकान्यात ओलांडते ती याच ठिकाणी. चांगल्या सिनेमाचा फायदा दुसऱ्या शुक्रवारपासून दिसू लागतो, पहिल्या शुक्रवारी नाही.

ही श्रेणी सिनेमास्कोर नावाची संस्था देते. पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्या अमेरिका-कॅनडातल्या प्रेक्षकांना विचारून ती ए-प्लसपासून एफपर्यंत ठरते. पहिल्या रात्री येणारा प्रेक्षक मुळातच चाहता असतो, म्हणून सुपरहिरोपटाला ए किंवा ए-मायनस मिळणं ही साधी गोष्ट आहे. बी आला की धोक्याची घंटा समजा, आणि सी किंवा डी आला तर दुसऱ्या आठवड्याची आशा सोडा. ‘जोकर’च्या २०२४ मधल्या दुसऱ्या भागाला डी मिळाला, दुसऱ्या वीकेंडला तो ८० टक्क्यांनी कोसळला आणि पहिल्या भागाने १०० कोटी डॉलर ओलांडले असताना हा जगभरात २१ कोटींच्या आतच आटोपला.

तरीही श्रेणी एकटीवर भिस्त ठेवू नका. २०२५ च्या जुलैत दोन आठवड्यांच्या अंतराने ‘सुपरमॅन’ आणि ‘फँटास्टिक फोर’ आले, दोघांना ए-मायनस. ‘सुपरमॅन’ १२.५ कोटींनी उघडून ३५.४ वर गेला, गुणक २.८. ‘फँटास्टिक फोर’ ११.८ कोटींनी उघडून २७.४ वर, गुणक २.३. दुसऱ्याची दुसऱ्या वीकेंडला ६६ टक्के घसरण झाली. म्हणून श्रेणी आणि दुसऱ्या वीकेंडची घसरण, दोन्ही एकत्र लिहा.

सिनेमा लागण्याआधी गुणक एक आकडा म्हणून धरू नका, पट्टा धरा: नव्या पात्रावरचा सिनेमा २.३ ते २.९, चाहत्यांच्या गर्दीवर चालणारा पुढचा भाग २ ते २.५, डिसेंबरची सुट्टी मिळाली तर दोन्हीकडे थोडी भर. नव्या पात्रावरच्या सिनेमाचा पहिला वीकेंड १२ कोटी डॉलर धरला, तर एकूण अमेरिकी कमाई २७.६ ते ३४.८ कोटींच्या मध्ये.

जगभरची कमाई काढताना अमेरिकेचा वाटा पात्रागणिक बदलतो हे विसरू नका. ‘सुपरमॅन’चा ५७ टक्के गल्ला अमेरिकेतला होता. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’चा ४२ टक्केच, कारण स्पायडर-मॅन जगभर घरचा आहे. अमेरिकी आकडा सरसकट दुप्पट केला, तर सुपरमॅनचा अंदाज फुगतो आणि स्पायडर-मॅनचा आक्रसतो.

पायरी ५: दर्जाचा रकाना

इथे गुण देण्यापेक्षा खुणा लिहा. दिग्दर्शकाचा मागचा सिनेमा कोणता, पटकथेवर किती नावं आहेत, तारीख किती वेळा हलली आणि का. तारीख हलणं म्हणजे सिनेमा वाईट, असा सरळ अर्थ काढू नये, पुनर्चित्रण तर मोठ्या सिनेमांत ठरलेलंच असतं. पण तारीख दोनदा सरकते आणि सोबत कथेतले मोठे भाग पुन्हा चित्रित होतात, तेव्हा एक फुली मारा. ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ मे २०२४ वरून फेब्रुवारी २०२५ पर्यंत सरकला, मध्ये बराच भाग पुन्हा चित्रित झाला आणि श्रेणी मिळाली बी-मायनस.

परीक्षणं कधी खुली होतात तेही पाहा. खात्री असलेला स्टुडिओ दोन-तीन दिवस आधी परीक्षणांना मोकळीक देतो. आदल्या रात्रीपर्यंत तोंड बंद ठेवलं असेल, तर एक फुली.

रॉटन टोमॅटोजची टक्केवारी म्हणजे शंभरपैकी गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी किती जणांना सिनेमा बरा वाटला, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी दहापैकी सहा दिले तरी टक्केवारी शंभराजवळ जाईल. म्हणून तिथेच दिलेली सरासरी किंवा मेटाक्रिटिक या तशाच संकेतस्थळावरचा सरासरी गुणांचा आकडा सोबत लिहा. चाचणीखेळातून ‘फुटलेल्या’ बातम्यांना किंमत शून्य.

पायरी ६: आपल्या गावची मोजणी

इंग्रजी आकड्यांवर विसंबून राहण्यापेक्षा हे काम जास्त मजेचं आहे, आणि इथे सांगलीकराला मुंबईच्या व्यापारी पत्रकारापेक्षा एक गोष्ट जास्त कळते: लहान शहरात हिंदी डब किती चालतो. तिकीट अ‍ॅपवर सांगली, मिरज आणि तुलनेला कोल्हापूर, या तीन ठिकाणचे शुक्रवारचे सगळे खेळ उघडा. बुधवारी रात्री दहा, गुरुवारी रात्री दहा आणि शुक्रवारी सकाळी नऊ, अशा तीन वेळी प्रत्येक खेळाच्या भरलेल्या खुर्च्या मोजा. हिंदी आणि इंग्रजी वेगळे लिहा. समजा २४० खुर्च्यांचे तीन खेळ आहेत, म्हणजे ७२० खुर्च्या. गुरुवारी रात्री १८० भरल्या, तर पंचवीस टक्के.

चुका कुठे होतात? काही खुर्च्या थिएटरच अडवून ठेवतं, त्या अ‍ॅपवर विकल्यासारख्या दिसतात. बुधवारी सकाळी, विक्री नुकतीच सुरू असताना, दिसणाऱ्या सलग भरलेल्या रांगा वजा करा. दुसरं, इथे बरीच तिकिटं खिडकीवर ऐनवेळी जातात, म्हणून सांगलीची आगाऊ टक्केवारी पुण्याशी लावून बघू नका. सांगलीची तुलना सांगलीच्याच मागच्या सिनेमाशी. तिसरं, दोन इंग्रजी खेळ भरले म्हणून खूश होऊ नका. हिंदी खेळ रिकामे असतील, तर सिनेमा चाहत्यांपुरता आहे आणि सोमवारी उघडा पडेल.

रुपयांत हिशेब करायचा तर कर वजा करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर १८. अ‍ॅपवर १५० रुपये दिसले तर निव्वळ १२७. अ‍ॅपचं सेवाशुल्क गल्ल्यात धरायचंच नाही. बातम्यांत निर्माते जगभरचा ग्रॉस (करासह एकूण गल्ला) सांगतात आणि व्यापारी पत्रकार भारतातला नेट (कर वजा जाता उरलेला), दोन्ही बरोबर असूनही आकडे जुळत नाहीत. वहीत प्रत्येक आकड्यापुढे ग्रॉस की नेट, भारत की जग, हे लिहाच.

सोमवारची कमाई शुक्रवारच्या निम्म्याहून अधिक असेल, तर माउथ पब्लिसिटी चांगली आहे. तीस टक्क्यांच्या खाली गेली तर पुढच्या शुक्रवारी खेळ कापले जातील. शुक्रवारी किंवा सोमवारी सार्वजनिक सुट्टी असेल, तर ही कसोटी लावू नका, मंगळवारपर्यंत थांबा.

पायरी ७: अंदाज बंद करा आणि तपासा

सिनेमा लागायच्या आदल्या गुरुवारी दोन्ही रकाने पूर्ण करून खाली तारीख टाका. गल्ल्यासाठी पट्टा लिहा, दर्जासाठी ‘पाहण्यासारखा’, ‘मधला’, ‘टाळावा’ यांपैकी एक. त्यानंतर खाडाखोड नाही. पैज असेल तर निकाल तिसऱ्या सोमवारी लावा. तोवर मोठ्या सुपरहिरोपटाच्या कमाईचा बहुतेक भाग येऊन गेलेला असतो. डिसेंबरच्या सिनेमाला मात्र पाचव्या सोमवारपर्यंत मुदत द्या, नाहीतर नाताळानंतरचा गल्ला हिशेबातून निसटेल. अंदाज चुकला तर तो पहिल्या वीकेंडच्या आकड्यात चुकला, गुणकात की अमेरिकेच्या वाट्यात, हे वेगळं शोधा आणि पुढच्या सिनेमाला तेवढाच भाग दुरुस्त करा.