क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव घालताना या चुका टाळा

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, किंवा मडगावच्या एखाद्या खासगी इस्पितळात डॉक्टर विचारतात, "लवकरच एक ट्रायल सुरू होणार आहे, नाव घालू का?" ट्रायल म्हणजे नव्या औषधाची किंवा लशीची माणसांवर होणारी चाचणी. घरी आल्यावर कोणी म्हणतं, "आमच्यावर प्रयोग करणार?" तर कोणी, "नवं औषध फुकट मिळतंय, सोडू नका." दोन्ही उत्तरं घाईची आहेत.

ट्रायलला उपचार समजू नका

माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक. उपचारात डॉक्टर तुम्हाला बघून औषध निवडतात. ट्रायलमध्ये कोणाला काय मिळणार हे बहुतेक वेळा संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो, आणि पुष्कळदा ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. स्वदेशी डेंगी लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला सुरू झाली. देशभरातल्या दहा हजारांहून अधिक निरोगी प्रौढांसाठी आखलेल्या या चाचणीत काहींना लस, तर काहींना प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं इंजेक्शन, अशी योजना आहे. दोन्ही गटांची तुलना केल्याशिवाय लस खरंच उपयोगी पडते का, हे कळणार कसं?

तुम्ही आजारी असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: "मला प्लासिबो मिळाला, तर माझं सध्याचं औषध चालू राहील ना?" टप्पा कोणता, हेही विचारा. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध सुरक्षित आहे का आणि किती मात्रा झेपते ते बघतात. तिसऱ्यापर्यंत पोचलेल्या औषधाची बरीच माहिती हाती आलेली असते.

ओपीडीत उभ्या उभ्या सही करू नका

"इथं सही करा, नंतर समजावतो" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. 2019 च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवी. पेडणे-सत्तरीतल्या आजीच्या हाती इंग्रजी कागद दिला तर ती संमती नव्हेच. मराठी किंवा कोंकणी प्रत मागा, घरी न्या, मुलांना वाचून दाखवायला सांगा. वाचता येत नसेल तर समजावताना ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. माहितीपत्रकाची आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत तुमची आहे. ती घेतल्याशिवाय उठू नका.

नोंदणी तपासायला विसरू नका

भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. 2009 पासून ती सक्तीची आहे आणि पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी लागते. इंटरनेटवर ती कोणालाही फुकट पाहता येते. इस्पितळं, प्रमुख डॉक्टर, नीतिसमितीची (ट्रायलमधल्या माणसांची सुरक्षितता आणि हक्क बघणाऱ्या समितीची) मान्यता, सगळं तिथं दिसतं. अजून सुरू न झालेल्या चाचणीपुढे 'नॉट येट रिक्रूटिंग' असं लिहिलेलं असतं. नोंदणी क्रमांक मागितल्यावर टाळाटाळ झाली, किंवा ट्रायलमध्ये घेण्यासाठी पैसे मागितले, तर नाव देऊ नका.

काढा, गावठी औषध, दारू लपवू नका

रागावतील म्हणून लोक हे सांगत नाहीत. पण दारूचा आणि काही झाडपाल्याच्या औषधांचा यकृतावर परिणाम होतो. मग त्रास नव्या गोळीचा की काढ्याचा, ते कळत नाही आणि धोका तुमच्याच जिवाला. दुसऱ्या ट्रायलमध्ये असाल तर तेही सांगा.

त्रास अंगावर काढू नका

इस्पितळात दाखल करावं लागलं, तर अशा गंभीर घटनेची खबर डॉक्टरांना 24 तासांत वर कळवावी लागते. ट्रायलमुळे झालेल्या इजेवरचे उपचार मोफत असतात, भरपाईचीही तरतूद आहे. ट्रायल केव्हाही सोडता येते, नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत. फक्त गोळ्या मनाने थांबवू नका, आधी कळवा. माहितीपत्रकावरचे डॉक्टरांचे आणि नीतिसमितीचे फोन नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. रात्री म्हापशाच्या दुसऱ्याच इस्पितळात न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना तो कागद आधी दाखवा.