लाट बुटकी दिसली? आधी आपलं काम तपास

ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपण्याच्या खोलीत पी-300 ची चाचणी शिकायला नव्यानं आलेल्या पोरांना मी पहिल्यांदा तेलाचं सांगते. राधानगरीकडनं पहाटेच्या एस.टी.नं आलेली आई लेकाच्या डोक्यावर बचकभर तेल थापून आणते. "डोस्कं थंड राहतंय म्हणून लावलंय की वो!" त्या तेलावर इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट धरत नाही. म्हणून तारीख देतानाच सांगायचं: आदल्या रात्री शाम्पूनं केस धुवा, तेल नको, झोप पुरी होऊ दे. गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत. कुठली, किती, शेवटची कधी घेतली ते लिहून घे. चहा-सिगारेटची वेळही लिही.

चाचणी अशी. हेडफोनमध्ये 1000 हर्ट्झचा 'टूं' वाजत राहतो. मधेच 2000 हर्ट्झचा बारीक 'टीं' येतो, साधारण पाचात एक, पण कधी येईल त्याचा नेम नाही. 'टीं' आला की बटण दाबायचं किंवा मनात मोजायचं. गोळ्यांनी हात थरथरत असेल तर मोजायलाच सांग आणि शेवटी आकडा विचार. लक्ष होतं की नाही ते तिथंच कळतं.

लक्ष असलं की 'टीं'नंतर सुमारे 300 मिलिसेकंदांनी एक धन लाट उठते, तीच पी-300. टाळूच्या मागं, पीझेड नावाच्या जागेवरच्या इलेक्ट्रोडवर ती ठसठशीत असते. एकट्या आवाजाला ती सापडत नाही, रेकॉर्डिंगचे बरेच स्वच्छ तुकडे जुळवून सरासरी काढावी लागते. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात ही लाट बुटकी असते, हे रॉथ आणि कॅनन या संशोधकांनी 1972 सालीच मांडलं.

पण पेंगणाऱ्या माणसाचीही लाट बुटकीच येते! कमी ऐकू येणाऱ्याची, सूचना न समजलेल्याचीसुद्धा. तांबडा-पांढरा हाणून दुपारी आलेला पेशंट टूं-टूं ऐकत डुलणारच. पडद्यावर संथ थीटा लाटा आणि डोळ्यांची सावकाश हालचाल दिसली की थांबव, पाणी दे, चार शब्द बोल, मग पुढं. सकाळची वेळ दिलीस तर हे सगळं टळतं. इलेक्ट्रोडचा रोध 5 किलोओहमच्या आत हवा. डोळ्याजवळचा इलेक्ट्रोड विसरू नको, नाहीतर पापणीची उघडझाप लाट म्हणून खपते. गणपतीत बाहेर डॉल्बी सुरू असेल तर सरळ दुसरी तारीख दे.

या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, म्हणून मधल्या विश्रांतीत साधेपणानं विचार, "आत्ता आणखी काही आवाज येत होते का?" हो म्हणाला तर वाद घालू नको, वेळेसकट नोंद कर.

बाहेर आलास की आई विचारणार, "काय निघालं?" एवढ्यावरनं आजार ठरत नाही, दारूचं व्यसन, स्मृतिभ्रंश, यातही पी-300 घटते. "रेकॉर्डिंग नीट झालं, डॉक्टर सांगतील," एवढंच बोल, आणि डोक्यातली पेस्ट कोमट पाण्यानं निघते तेही सांग.