ऑटो डिक्सच्या पद्धतीने आईचं पोर्ट्रेट कसं करायचं (सोलापूरच्या उन्हाळ्यासकट)

ऑटो डिक्स या जर्मन चित्रकाराचं नाव घेतलं की युद्धाची चित्रं आठवतात, पहिल्या महायुद्धात मशीनगनवर होता तो, 1924 ला युद्धावर 50 एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) काढली. पण मला विचाराल तर त्याच वर्षीचं आईवडिलांचं चित्र बघा. बाप फाउंड्रीतला कामगार, आई शिवणकाम करायची, दोघं सोफ्यावर बसलेत आणि मांडीवरचे ते मोठाले राबलेले हात, नजर हटतच नाही.

असे हात आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी आहेत. माझी आई विड्या वळायची. म्हणून सांगतो, रंगाला हात लावायच्या आधी आठवडाभर नुसते हात काढा, फोटोवरून नको, समोर बसून. मांडीवर सूप, पान कापताना कात्रीवर अंगठा कुठं दाबतो, विडीचं तोंड दुमडताना बोट किती वाकतं, नखाच्या कडेला तंबाखू कशी बसलीय, सगळं.

आता फळी. 1926 चं पत्रकार सिल्व्हिया फॉन हार्डेनचं पोर्ट्रेट डिक्सने लाकडावर केलंय, जुन्या जर्मन चित्रकारांसारखं थरावर थर देत. आपल्याला 12 एमएमचा प्लाय चालतो. सुताराकडचा सरस (जनावराच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) भिजवा, गरम पाण्यात भांडं ठेवून विरघळवा, उकळू देऊ नका, चिकटपणा जातो. त्यात खडूची पावडर घालून सहा-सात पातळ हात मारा, मागच्या बाजूलाही मारा नाहीतर फळी वाकते. मे महिन्यात रात्री भिजवलेला माझा सरस सकाळी घाण वास मारत होता, फ्रिजमध्येच ठेवा. आणि फळी उन्हात वाळवायची नाही, माझ्या पहिल्या फळीला तडे गेले. मग पॉलिश पेपर.

ड्रॉइंग कागदावर पूर्ण मापात करून मगच फळीवर उतरवा. अंड्याचा पिवळा बलक, थोडं पाणी आणि पांढरं पिगमेंट (रंगाची कोरडी पूड), यात उजेडाच्या जागा बांधा, त्यावर ऑइलचे एकदम पातळ पारदर्शक थर, खालचा पांढरा त्यातून उजळतो आणि कातडी जिवंत वाटायला लागते. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं. घाण्यावरचं जवस तेल नको, आर्ट शॉपमधलं रिफाइंड लिनसीडच घ्या.

आई म्हणाली, "अरे नखं तरी नीट दाखव की." नाही दाखवली, डिक्सनेही आपल्या आईला गोड केलं नव्हतं. व्हार्निश सहा महिन्यांनी.