परदेशातलं हॉटेल फसतं ते बुकिंग करतानाच: या चुका टाळा

पॅरिसच्या हॉटेलात आम्ही सकाळी पावणेदहाला पोचलो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेलं विमान, रात्रभर धड झोप नाही, आणि सोबत आई. गुडघ्यांमुळे ती दादर स्टेशनचा पूलसुद्धा टाळते. काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, खोली तीन वाजता मिळेल. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना लाकडी, गोल फिरत जाणारा, एका वेळी एक बॅग जेमतेम मावेल इतका अरुंद.

त्या मुलीला काय बोलणार? वेबसाइटवरच्या सोयींच्या यादीत लिफ्ट नव्हतीच. मी फोटो, भाडं आणि रेटिंग पाहून मोकळी झाले होते. युरोपातल्या जुन्या इमारतींत यादीत नाही ते हॉटेलात नाही, असंच समजायचं. एसीचंही तेच. ‘थंड देशात एसी कशाला’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, 25 जुलै 2019 ला पॅरिसमध्ये पारा 42.6 अंशांवर गेला होता.

तारखेचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी होतो. समजा, 12 तारखेच्या रात्री मुंबईहून निघालात आणि 13 ला पहाटे बँकॉकला उतरलात. बुकिंग 13 पासूनचं असेल, तर दुपारपर्यंत लॉबीत पेंगत बसावं लागतं. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर 12 च्या रात्रीचेही पैसे भरा, आणि पहाटे येणार असल्याचं हॉटेलला आधीच लिहून कळवा. नाही कळवलं तर रात्री कोणी आलं नाही म्हणून अख्खं बुकिंगच रद्द करणारी हॉटेलं असतात.

फुकट कॅन्सलेशनची मुदत सहसा तिथल्या घड्याळाने चालते. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा मुंबईत साडेनऊच झालेले असतात. जेवणं आटोपून निवांत दहाला कॅन्सल करायला बसलात की एका रात्रीचे पैसे गेलेच.

काउंटरवरच्या खर्चालाही गृहीत धरा. दुबईत हॉटेलच्या दर्जानुसार खोलीमागे रात्रीला 7 ते 20 दिरहॅम पर्यटन शुल्क लागतं. पॅरिसमध्येही वेगळा कर असतो. हॉटेल डिपॉझिट म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं; त्यासाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरलेलं कार्ड, देऊ नका, अडकलेली रक्कम सुटायला दिवस लागतात आणि तोवर खर्चाला हात आखडतो. कार्डाच्या मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण दर बहुधा महागच पडतो.

आता, खोली खरंच वाईट निघाली तर? बॅग उघडू नका. आपण नेमकं उलटं करतो: चार दिवस नाक मुरडत राहतो आणि निघताना तक्रार करतो. तेव्हा काउंटरवरचा माणूस खांदे उडवण्यापलीकडे काही करत नाही, कारण तुम्ही खोली वापरलेली असते. आत शिरल्या शिरल्या पलंग, बाथरूम, भिंतीवरची ओल यांचे फोटो काढा, खाली जा, आणि भांडायच्या आधी दुसरी खोली मागा. मी गुडघ्यांवर हात ठेवून आईची अडचण दाखवली, तेव्हा पहिल्या मजल्यावरची खोली निघाली. लहान, स्वयंपाकघराच्या डोक्यावर, पहाटे पाचपासून लोण्याचा वास. घेतली.

दुसरी खोली नसेल तर काउंटरपाशी उभं राहूनच बुकिंग कंपनीला फोन लावा, आणि तेच ॲपच्या मेसेजमध्येही टाका. हॉटेलवाला ‘जा, पैसे परत देतो’ म्हणाला तरी ते लेखी आल्याशिवाय बाहेर पडू नका. मुंबईत परतल्यावर पैसे अडले आणि बँकेकडे कार्डाचा व्यवहार वादात टाकायची वेळ आली, तर तोच मेसेज आणि तेच फोटो लागतात.