मोठे टायर टाकताय? आधी हौसिंगचा रेशो मोजा

नाशिकात द्वारका चौकापासून आडगावच्या ट्रक टर्मिनसपर्यंत कुठल्याही टपरीवर सांगून बघा, पिकअपला ३१ इंची टायर टाकलेत आणि गाडी लोडवर उचलत नाही. उत्तर ठरलेलं: 'पंप वाढवून घे,' म्हणजे इंजिनात डिझेल जास्त सोड. पंप वाढवून धूर वाढतो. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो, म्हणजे तुम्ही प्रत्येक गिअर लांब करून ठेवलाय. त्यावर इलाज एकच, मागच्या हौसिंगमधली (दोन चाकांमधल्या आडव्या लोखंडी कवचातली) क्राऊन-पिनियनची, म्हणजे मोठ्या आणि छोट्या दातेरी चक्राची, जोडी बदलणं.

आधी एक्सल ओळखा. चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेला असेल आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं कडं असेल, तर तो फुल फ्लोटिंग. चाक जागेवर ठेवून चाकाला फिरवणारा एक्सल शाफ्ट ओढून काढता येतो. नुसते चाकाचेच नट दिसत असतील तर बहुतेक सेमी फ्लोटिंग. मग गाडीखाली जाऊन मधला गोळा बघा. मागे बोल्टांचं झाकण असेल तर काम तिथूनच, गाडीखाली झोपून. मागचा भाग वेल्ड केलेला गुळगुळीत असेल आणि बोल्ट प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या) बाजूला असतील, तर एक्सल शाफ्ट ओढल्यावर अख्खं डिफरन्शियल (क्राऊन-पिनियनसकट आतला गिअरसंच) पुढून बाहेर येतं आणि टेबलावर ठेवून निवांत काम होतं. आरसी बुकावर विसंबू नका. जुन्या गाडीत भंगारातलं कुठलं हौसिंग बसवलंय, देव जाणे.

आता रेशो, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो तो आकडा. मी नेमका इथेच आपटलो, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी जुनी फोर बाय फोर जीप, मागचं क्राऊन रडायला लागलेलं. 'दोन्ही चाकं उचल, एक चाक फिरव, प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोज' असा सल्ला मिळाला. मोजले, ३.७३ आलं. अकराचं पिनियन, एक्केचाळीसचं क्राऊन अशी जोडी आणून बसवली. आठवड्याने त्र्यंबक रस्त्यावर चिखलातून निघालो आणि डांबरावर फोर बाय फोर तसाच राहिला. स्टिअरिंग दगड झालं, टायर खरडायला लागले, लिव्हर जागचा हलेना. पाच-सहा फूट रिव्हर्स घेतल्यावर सुटला. पुढचं हौसिंग ४.१ चं होतं, आणि मागचंही मुळात ४.१ चंच. जुन्या जोडीचे दाते मोजले असते तरी कळलं असतं. मी ती भंगारात देऊन मोकळा झालो होतो.

चूक कुठे झाली? दोन्ही चाकं हवेत असली की एक फिरवताना दुसरं हळूच उलटं सरकतं. तेवढे फेरे डिफरन्शियल आतल्या आत खाऊन टाकतं, शाफ्ट कमी फिरतो. म्हणून मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर घट्ट राहू द्या. जागा सपाट हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, कारण गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला असणार. जॅकवर भरवसा नको, हौसिंगखाली स्टँड ठेवा. फोर बाय फोर असेल तर टू-व्हीलवर घ्या.

टायरवर आणि शाफ्टवर खडूची रेघ मारा. एकाला शाफ्टकडे बसवा आणि चाक सावकाश बरोबर २० फेरे फिरवा. दुसरं चाक थांबलेलं असल्याने आतलं क्राऊन फक्त १० फेरे फिरतं. शाफ्टचे ४१ फेरे झाले तर रेशो ४.१, साडेपंचेचाळीस झाले तर ४.५५. एकच फेरा फिरवून अंदाज करणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. दात्यांमधली ढिलाईच तेवढ्यात हिशोब बिघडवते. गोळा उघडलाच तर क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते. ४१ ला ९ ने भागलं की ४.५६. यावर वाद नाही.

टायरवर छापलेल्या मापावरूनही हिशोब करू नका. झिजलेला टायर लहान असतो, आणि लोडखाली प्रत्येक टायर थोडा दबतो. सिमेंटच्या रस्त्यावर खुणेपासून खुणेपर्यंत गाडी तीन फेरे ढकला आणि टेप लावा. जुन्या २१५/७५ आर १५ वर ६.४४ मीटर आले, नव्या ३१ इंचीवर ७.२० आले, तर ७.२० भागिले ६.४४ म्हणजे १.११८. त्याला ४.१ ने गुणा, ४.५८. जवळची जोडी ९-४१ ची.

जोडी नेमकी जुळली नाही तर? मुंबईकडून माल भरून कसारा घाट चढणाऱ्याने मोठा आकडा घ्यावा, ८-३९ म्हणजे ४.८७ चालेल. इंजिन सपाटीला जरा ओरडेल, पण घाटात पहिल्या गिअरवर रांगावं लागणार नाही. समृद्धीच्या इगतपुरी बोगद्यातून घाट टाळून जाणाऱ्याने हिशोबाच्या जवळच राहावं. अर्थात तुमच्या हौसिंगला बसणाऱ्या जोड्यांतूनच निवड. दुसऱ्या हौसिंगची जोडी घासूनपुसून बसवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. क्राऊन एकाचं, पिनियन दुसऱ्याचं हेही नको, दोन्ही एकत्र घासून जुळवलेली असतात. फोर बाय फोरला पुढची जोडीही बदलायची. खर्च दुप्पट, माहीत आहे.

बसवणी डायल गेज (दात्यांमधली ढिलाई मोजायचं काट्याचं मीटर) वापरणाऱ्याकडूनच. दात्यांना रंग लावून ठसा दाखवायला सांगा. तो दात्याच्या मधोमध हवा, टोकाला नको. जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल नवं, ब्रीदर (हौसिंगची हवा जायचं तोंड) साफ. पहिले ५०० किलोमीटर माल नको, मग ऑइल बदला.

नवी जोडी येईपर्यंत मोठ्या टायरवर मीटर ६० दाखवत असेल, तेव्हा गाडी ६७ ने पळत असते.